रत्नवेलूची चाल

गावातल्या चिनी म्हाताऱ्या कल्याण खात्याच्या ऑफिसात यायच्या आणि काउंटरवरच्या मुलीला विचारायच्या, "ती इंडियन बाई आहे का आज? नसेल तर आम्ही उद्या येतो." डोंगरातल्या ओरांग अस्ली आदिवासींच्या वस्तीवर दुसरा कुणी अधिकारी गेला की माणसं शिड्या चढून खांबांवरच्या घरात जाऊन बसायची. पुआन वाणी, म्हणजे वाणीबाई, आली की मात्र भाजलेला साबुकंद तिच्या पुढ्यात यायचा, आणि मग हळूहळू मनातलं बोलणंही.

तिचं पूर्ण नाव कोगिलावाणी. जन्म रबराच्या मळ्यातल्या मजुरांच्या चाळीत, आईबाप तमिळ. मलेशियात तापाहच्या रस्त्यावरच्या या गावात तिची नोकरी मुरली होती. कुणाच्या घरी चपला कुठे काढायच्या, कुठल्या म्हाताऱ्याला आधी जेवलात का विचारायचं, कुठल्या बाईशी नवऱ्यासमोर बोलायचं नाही, हे तिला सांगावं लागत नसे. नव्या भरतीच्या पोरापोरींना शिकवायला तिला इपोह शहरात बोलावत. तिथे ती सांगे, "समोरचा माणूस आपल्यापेक्षा जितका वेगळा, तितकं आपण जास्त गप्प बसायचं. ठाऊक नाही म्हणायला लाजायचं नाही." पोरं लिहून घेत. समोरचा माणूस आपल्यासारखाच असेल तर काय करायचं, हे कुणी विचारलं नाही, आणि तिच्याही मनात तो प्रश्न कधी आला नाही.

शेजारच्या टेबलावरची मलायी सल्मिया मात्र अधूनमधून टोचायची. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, त्यामुळे आडपडदा नव्हता.

"माझ्या लोकांनी काही केलं तर तू दहा वेळा विचारतेस, का केलं, कसं केलं," सल्मिया डब्यातला भात कालवत म्हणायची. "आणि तुझा एखादा तमिळ बाप्या सापडला की झालं! मलाच त्याची दया येते बाई."

"त्यांना मी ओळखते म्हणून," वाणी म्हणायची. "तू नाही ओळखत."

ते खोटंही नव्हतं. वाणीचा बाप दुपारपर्यंत रबराचा चीक गोळा करायचा आणि मग मळ्याच्या फाटकाजवळच्या ताडीच्या गुत्त्यावर जाऊन बसायचा. संध्याकाळी त्याची चाहूल लागली की आई पोरींना फळीमागे ढकलायची. तो पाय फाकवून यायचा, भिंत चाचपत, जिभेवर शब्द गोळा होऊन. शाळेत मास्तरांनी विचारलं, "काय गं, रात्री झोपत नाहीस का?" की लहानगी वाणी सांगायची, "अप्पा आजारी आहेत." मास्तर मान हलवून पुढच्या बाकाकडे वळायचे. त्यांची ती हललेली मान वाणीला अजून आठवायची. एकदा तरी त्यांनी म्हणायला हवं होतं की पोरी, खोटं बोलू नकोस.

तर अशा वाणीकडे एक दिवस तमिळ शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. तनुशा नावाची नऊ वर्षांची मुलगी. गुडघे सदा खरचटलेले, परवा कोपर सुजलेलं. बाप न्यायला येतो तो झुलत येतो. गेल्या आठवड्यात मुलीचा हात धरून रस्ता ओलांडताना दोघंही गटारात पडले, आणि फाटकाबाहेरच्या आयांनी ते पाहिलं.

वाणीने मुलीला शाळेच्या वाचनालयात भेटायला बोलावलं. मुलगी सावळी, लांब मानेची, वेणी स्वतःच घातलेली असावी, कारण भांग वाकडा होता.

"गुडघ्याला काय झालं गं?"

"अप्पा पडतो तेव्हा मी धरते. मग मी पण पडते."

"अप्पा पितो का?"

"नाही."

"मग पडतो कशाने?"

"आजारी आहे."

वाणीचं पेन थांबलं. ती खुर्ची पुढे सरकवून अगदी मायेने म्हणाली, "तनुशा, मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हा मीपण असंच सांगायची."

मुलीने डोळे मोठे केले. "तुमचे अप्पा पण आजारी होते?"

"नव्हते. म्हणून तर सांगतेय. मला खरं सांगितलंस तरी कुणी रागावणार नाही."

"खरंच सांगतेय," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आमची आजीपण अशीच चालायची. विचारा कुणालाही."

म्हणजे म्हातारीही प्यायची, वाणीच्या मनात आलं. मळ्यावर बायकाही काही कमी नव्हत्या.

रत्नवेलूचं घर सरकारी स्वस्त घरांच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. खाली आंटी फूंगचं किराणा दुकान. वाणीने आधी तिथे विचारलं. आंटी फूंग अंडी पुसत होती. म्हणाली, "माझ्याकडून बाटली नेत नाही. तांदूळ, मुलीसाठी मायलोची पूड, अंडी नेतो. बाहेर कुठे पीत असेल तर मला काय ठाऊक? मी त्याच्या मागेमागे फिरत नाही."

वर दार उघडायला वेळ लागला. आत काहीतरी पडलं, मग पावलं घासत आली. सकाळचे दहा वाजले असतील. रत्नवेलू एका हाताने चौकट आणि दुसऱ्याने भिंत धरून उभा होता. चाळिशीचा, हाडापेराने मोठा, अंगावर स्वच्छ पण सुरकुतलेली बनियन. पाय फाकवलेले. डोळे तिच्या चेहऱ्यावर ठरायला बघत होते आणि घसरत होते.

"या अक्का," तो म्हणाला. शब्द एकमेकांना चिकटून आले. "खु... खुर्ची घ्या."

पूर्वी तो पामफळांचा ट्रक चालवायचा. तनुशा तीन वर्षांची असताना बायको डेंग्यूने गेली. ट्रकची नोकरी सुटल्यावर तो घरी बसून बाजारवाल्यांसाठी लसूण सोलत होता. जमिनीवर लसणाचा ढीग होता आणि सालपटं पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर उडत होती. वाणीने श्वास खोल घेतला. लसणाच्या त्या दर्पात दुसरा कुठलाही वास लागणं शक्य नव्हतं. हुशार आहे, तिने मनात म्हटलं.

कोपऱ्यात मुनीश्वरन देवाची तसबीर होती. लिंबांची माळ, एक चिरूट, आणि ब्रँडीची चपटी बाटली, अर्धी झालेली.

"हे काय?"

"सामीचं आहे अक्का. शुक्रवारी ठेवतो."

"आणि अर्धी कुणी संपवली? सामीने?"

"खाली झाडाशी ओततो. आमच्या मळ्यावर तशीच रीत होती. तुम्हाला ठाऊक असेल."

तिला ठाऊक होतं. मुनीश्वरनपुढे दारू ठेवतात हे तमिळ घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तिला हेही ठाऊक होतं की तिचा बाप सकाळी रिकामी बाटली दाखवून हसत म्हणायचा, "सामीने घेतली गं कोगिला, मी नाही."

"डॉक्टरकडे गेला होतात कधी?"

"गेलो होतो ना. सरकारी दवाखान्यात. ते म्हणाले आधी दारू सोड, मग ये." तो हसला. हसताना त्याचा तोल गेला आणि त्याने खिडकीचा गज पकडला. "मी म्हटलं पीत नाही. ते म्हणाले सगळे असंच म्हणतात."

वाणीही मनात तेच म्हणत होती.

ऑफिसात परत आल्यावर सल्मियाने विचारलं, "एकदा मोठ्या इस्पितळात दाखवायचं का त्याला? रक्त तपासतील. कळेल तरी."

"कळायचं काय राहिलंय? मी डोळ्यांनी बघून आले."

"म्हाताऱ्या चानच्या वेळी तू असं म्हणाली नव्हतीस. नातवाला कोंडून बाजारात निघून जायचा तो. आम्ही सगळे म्हणत होतो दुष्ट आहे. तूच हट्टाने इस्पितळात नेलंस, तेव्हा कळलं की त्याला काही आठवतच नाही."

"तो वेगळा होता."

"कसा वेगळा?"

वाणीने फाइल ओढली आणि म्हणाली, "सल्मिया, ती पोर उद्या ट्रकखाली आली तर? मग तू उत्तर देणार आहेस का?" मूल घरातून हलवायला कारण पुरेसं होतं. गटारात पडलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं.

कोर्टाचा हुकूम घेऊन वाणी गेली तेव्हा सोबत एक महिला पोलीस होती. रत्नवेलूला आदल्या दिवशी कळवलं होतं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, बटणं एकेक घर सोडून लागली होती. तो मुलीची वेणी घालायला बसला होता. बोटांत केस ठरत नव्हते.

"अप्पा, राहू दे. मी घालते," तनुशा म्हणाली.

"आज मी घालतो."

वाणी दारात उभी राहून बघत होती. तिला घाई करता आली असती, पण तिने केली नाही. वेणी घालून झाली, ती कशीबशी लोंबत होती. तनुशा रडली नाही. दप्तर पाठीला लावून ती वाणीसमोर आली आणि म्हणाली, "मी खोटं बोलले नव्हते. तरीपण नेताय?"

"काही दिवसच बाळा. अप्पा बरा झाला की."

जिन्यात खालून वर बघायला माणसं जमली होती. दोन मजले उतरले असतील, तेव्हा रत्नवेलू मागून निघाला. हातात मुलीची पाण्याची बाटली, राहून गेलेली. वळणावर त्याचा पाय चुकला आणि तो पायऱ्यांवरून घसरत खाली आला. कुणीतरी हसलं. "बघा, आजसुद्धा सोडली नाही!" एक बाई म्हणाली. तनुशा धावायला निघाली, पण वाणीने तिचा खांदा घट्ट धरला. त्या क्षणी वाणीला आलेला राग खरा होता. आजच्या दिवशी तरी, मुलीसाठी तरी, तिला वाटलं.

मुलीला इपोहच्या एका बालगृहात ठेवलं. बापाला अट घातली. गावातल्या देवळामागच्या सभागृहात दारू सोडवणाऱ्यांची बैठक भरायची, तिथे नेमाने जायचं. सुधारणा दिसली की पुन्हा कोर्टापुढे अर्ज.

रत्नवेलू जाऊ लागला. पहिल्या दोन-तीन बैठकांत तो उभा राहून सांगायचा, "मी पीत नाही." बाकीचे दारुडे पोट धरून हसायचे. "अरे आम्हीपण नाही पीत, आम्ही इथे चहाला येतो!" बैठक चालवणारा जोसेफअण्णा भला माणूस होता, स्वतः त्यातून बाहेर आलेला. त्याने रत्नवेलूला बाजूला घेऊन धाकट्या भावासारखं समजावलं. "तंबी, जोवर कबूल करत नाहीस तोवर तुझी गाडी पुढे सरकायची नाही. आधी म्हण पितो. मग म्हण सोडली. मगच पोरगी घरी येईल. हा एकच रस्ता आहे."

रत्नवेलूने यावर किती विचार केला कुणास ठाऊक. पण पुढच्या सुनावणीत, मुलांच्या कोर्टात, मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं तेव्हा तो बाकाचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला आणि म्हणाला, "हो. पीत होतो. आता सोडली."

वाणीने सुटकेचा श्वास टाकला. इतक्या वर्षांत तिच्या बापाने हे एकदाही म्हटलं नव्हतं. बाहेर आल्यावर ती प्रथमच त्याच्याशी नरमाईने बोलली. "बरं केलंत. याला मोठं मन लागतं."

"आता आणाल ना तिला, अक्का?"

"अजून नाही. चालणं-बोलणं सुधारलेलं दिसू दे. तुम्ही आज कोर्टातसुद्धा..." तिने वाक्य सोडून दिलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे तसेच घसरत होते. "पण मी कबूल केलं ना," तो म्हणाला.

चालणं सुधारलं नाही, उलट बिघडलं. लसूण सोलणं बंद पडलं, कारण सुरी हाताला लागू लागली. इपोहच्या बसमध्ये चालक त्याला चढू देईना. "उतर, तंबी, उतर. ओकशील आणि मला धुवायला लावशील." एकदा कसाबसा बालगृहापर्यंत पोचला तर फाटकावरच्या रखवालदाराने हटकलं. प्यालेल्या पालकाला आत सोडायचं नाही, असा नियमच होता. तनुशाने वरच्या खिडकीतून त्याला बाहेरच्या कठड्यावर बसलेलं पाहिलं. तिने हाक मारली. त्याने हात वर केला, पण हात कुठल्या खिडकीकडे करायचा हे त्याला उमगलं नसावं.

वाणी तिथे गेली तेव्हा मुलीने हे सांगितलं आणि म्हणाली, "तुम्ही त्याला इथे ठेवा माझ्याजवळ. मी बघते त्याच्याकडे. घरी बघत होतेच की."

"ते तुझं काम नाही. तू लहान आहेस."

"मग कुणाचं आहे?"

हे रागाने विचारलं असतं तर वाणीला सोपं गेलं असतं. पण मुलगी खरंच उत्तराची वाट बघत होती.

मग एका दुपारी इस्पितळातून फोन आला. मलायी आवाज, तरुण डॉक्टरीण. रत्नवेलू नावाचा रुग्ण पावसाळी नाल्यात पडलेला सापडला, बरगड्या मोडल्या आहेत, छातीत पाणी आहे. नातेवाईक म्हणून त्याने तुमचं नाव सांगितलं.

"माझं?" वाणी म्हणाली. "मी नातेवाईक नाही. मी कल्याण खात्यातली."

"तो म्हणाला, अक्का आहे."

वॉर्डात तो टोकाच्या खाटेवर होता, नाकात नळी, गालांची हाडं वर आलेली. डॉक्टरीण शाझरीन वाणीला बाजूच्या खोलीत घेऊन गेली.

"किती पितो तो?" वाणीने विचारलं.

"कोण? याच्या रक्तात दारूचा थेंब नाही. यकृत तुमच्या-माझ्यासारखं आहे." तिने मेंदूचा फोटो दिव्यापुढे धरला. "हे बघा, मागचा भाग. तोल, चालणं, बोलणं, गिळणं, सगळं इथून चालतं. हे सुकून गेलंय. एकदोन वर्षांतलं नाही, पुष्कळ जुनं आहे. असे रुग्ण चालले की प्यालेलेच वाटतात. कुणी आणलं नाही का याला आधी?"

वाणी फोटोकडे बघत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी नजर हलत नव्हती.

"आणलं असतं तर... बरा झाला असता?"

"नाही. याला औषध नाही." डॉक्टरीण थांबली. "पण कसं गिळायचं हे शिकवलं असतं. चालायला आधार दिला असता. अन्न श्वासनळीत जाऊन फुप्फुसं खराब झाली नसती इतक्यात. आणि घरात कुणीतरी लागतं अशांना. त्याच्या घरात कुणी आहे का?"

"मुलगी आहे," वाणी म्हणाली.

"याच्या आईवडिलांपैकी कुणी असं चालायचं का? हा रोग रक्तातून येतो."

वाचनालयातलं ते टेबल वाणीला दिसलं, आणि 'विचारा कुणालाही' म्हणणारी मुलगी. "याची आई," ती म्हणाली.

"मग मुलीलाही येऊ शकतो. येईलच असं नाही. अर्धी शक्यता. मोठी झाली की तपासता येईल, तिला हवं असेल तर."

वाणी खाटेजवळ गेली. रत्नवेलूने डोळे उघडले. तिला खूप काही म्हणायचं होतं, पण तोंडून निघालं ते एवढंच, "तुम्ही कोर्टात खोटं का बोललात?"

त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. "खरं... सांगून... झालं होतं, अक्का," तो म्हणाला.

त्याच दुपारी तिने हुकमाची वाट न बघता गाडी काढली, बालगृहाच्या बाईंशी भांडली, जे लिहून द्यायचं ते लिहून दिलं आणि तनुशाला घेऊन आली. मुलगी वॉर्डात शिरली ती थेट त्या खाटेकडे, तिला कुणी दाखवावं लागलं नाही. तिने बापाचं डोकं उचलून उशी नीट केली. मग ताटातली पेज बघितली आणि परिचारिकेला म्हणाली, "असं पातळ नाही चालत त्याला. ठसका लागतो. घट्ट करून द्या, आणि हनुवटी खाली धरायची." परिचारिकेने वाणीकडे पाहिलं आणि वाणीने मान खाली घातली.

त्यानंतर मुलीला रोज आणणं हे वाणीने आपलं काम केलं. ती बाहेरच्या बाकावर बसायची. आत बापलेकीचं काय चालायचं ते काचेतून दिसायचं. तनुशा त्याला शाळेचं काहीबाही वाचून दाखवायची, तो हसला की नळी हलायची. एकदा आंटी फूंग बसने आली, संत्री घेऊन, आणि वाणीशेजारी बसून राहिली. "मला वाटायचं बाहेर पितो," ती म्हणाली. "मी माझ्या सुनेला सांगायची, त्याच्यापासून पोराला लांब ठेव." तिने डोळे पुसले नाहीत, नुसती नाक ओढत राहिली.

रत्नवेलू पावसाळा संपायच्या आत गेला. तनुशा तेव्हा जवळ होती. स्मशानात अग्नी द्यायला पुरुष नातेवाईक कुणी नव्हता. देवळाचे लोक कुजबुजायला लागले तेव्हा जोसेफअण्णा पुढे झाला. ख्रिस्ती माणूस, पण कुणी हरकत घेतली नाही. काम उरकल्यावर तो वाणीजवळ येऊन उभा राहिला. "मीच त्याला कबूल कर म्हटलं," तो म्हणाला. वाणीला त्याला काहीतरी धीराचं सांगता आलं असतं. इतरांना ती नेहमी सांगायची.

वरच्या ऑफिसातून चौकशी आली. वाणीने सगळं लिहून दिलं होतं, न लपवता. साहेबांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "पण त्याने स्वतःच कोर्टात कबूल केलंय. तुमची चूक कुठे दिसते यात? नियमाप्रमाणेच झालंय सगळं." वाणी म्हणाली, "सर, माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्याला आधी दवाखान्यात नेलं असतं. तो तमिळ नसता तर मीच नेलं असतं." साहेबांनी खिडकीकडे बघितलं, मग चहा मागवला.

त्या संध्याकाळी सल्मिया तिला गाडीपर्यंत सोडायला आली. वाणीला वाटत होतं, आता ती म्हणेल, मी सांगितलं होतं. सल्मिया म्हणाली, "मीपण हट्ट धरला नाही गं. मला वाटलं, तमिळ माणसांचं तुला जास्त कळतं."

तनुशाची एक मावशी दूर दक्षिणेला क्लुआंगला होती, आईची मोठी बहीण; आई गेल्यापासून येणंजाणं राहिलं नव्हतं. दोन मुलगे, नवरा भाज्यांचा व्यापारी. चौकशी केली, माणसं नीट वाटली. मुलीला पोचवायला दुसरी अधिकारी गेली असती, पण वाणी स्वतः निघाली. प्रवास लांबचा. मुलगी मागच्या सीटवर बसली होती, पुढे बस म्हटलं तरी आली नव्हती.

वाटेत एका हॉटेलात दोघी डोसे खायला थांबल्या. तनुशाने दुधाचा पेला दोन्ही हातांनी उचलला आणि ओठाला लावला. वाणीची नजर त्या हातांवर होती.

"मला होणार आहे का ते?" मुलीने पेला खाली ठेवत विचारलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"डॉक्टर एकदा परत तुम्हाला ते सांगत होत्या. दार उघडं होतं."

वाणीने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. "होऊ शकतं. नाहीही होणार. अजून कुणालाच ठाऊक नाही."

मुलीने सांबारात डोशाचा तुकडा बुडवला आणि बराच वेळ तो तसाच धरून ठेवला. "झालं तर मलापण लोक दारुडी म्हणतील," ती म्हणाली. "आजीला म्हणायचे. ती सांगायची मला."

"मी म्हणू देणार नाही कुणाला."

तनुशाने तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, विश्वासही नव्हता. ती खाऊ लागली.

क्लुआंगला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. मावशी फाटकात उभी होती, पदराने हात पुसत. ती "ये गं कन्ना" म्हणत पुढे आली. तनुशा गाडीतून उतरली. घर रस्त्यापासून जरा आत होतं, मधे सिमेंटची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना भाजीच्या रिकाम्या टोपल्या. मावशीने दप्तर घेतलं आणि पुढे चालू लागली. मुलगी तिच्या मागून निघाली.

वाणी गाडीच्या दाराशी उभी होती. निरोपाचं काही बोलायचं म्हणून ती थांबली होती, पण तिचं लक्ष मुलीच्या पावलांकडे गेलं. डावं, उजवं, डावं. सरळ पडतायत का? त्या टोपलीपाशी जरा कललं का? की वाटच उतरती आहे? ती मोजल्यासारखी बघत राहिली.

तनुशाने मागे वळून पाहिलं. वाणी कुठे बघतेय ते तिला कळलं असावं, कारण ती जागच्या जागी थांबली. दोन्ही पाय जुळवून, ताठ. मावशीने पुढून हाक मारली तरी ती हलली नाही.

वाणी गाडीत बसली. आरशात तिला दिसत होतं, मुलगी तशीच उभी होती. गाडी वळणावर गेल्याशिवाय ती पाऊल उचलणार नव्हती.